वायरलेसवरचं परमिट

मी खांबावर होतो आणि खाली जीपमधला वायरलेस सेट माझंच नाव घेत होता.

"गजभिये को पूछो, काम कितना बचा है?"

आवाज आमच्या साहेबांचा. ते सौंसरच्या ऑफिसात, मी जामसांवलीच्या अलीकडे शेतात. वादळात लाइन दोन ठिकाणी तुटली होती. दुसऱ्या दिवशी हनुमान जयंती. जामसांवलीच्या देवळात गर्दी होणार आणि लाइट नाही. साहेबांनाही वरून विचारणा होत असणार. पण ते विचारायचे, ड्रायव्हर सुखदेव खालून ओरडायचा, मी वरून ओरडायचो, आणि तेवढा वेळ हात थांबायचे.

ऐंशीच्या दशकात हे सेट आमच्याकडे नवे होते. सगळ्यांना मिळून एकच चॅनल. सौंसर, पांढुर्णा, लोधीखेडा, कोणीही बोललं की सगळ्यांना ऐकू. कामाचं कमी, कोणाकडे पाहुणे आले ते जास्त. आम्हा लाइनमन लोकांना तो सेट नकोसा झाला होता. पूर्वी जीप गावाबाहेर पडली की काम होईपर्यंत कोणी मागे लागत नसे.

त्यात परमिटचा घोळ. परमिट म्हणजे लाइन बंद आहे, खुशाल चढा, अशी सबस्टेशनच्या ऑपरेटरची लेखी हमी. काम झालं की कागद परत, मगच सप्लाय. सेट आल्यावर कागदासाठी हेलपाटा कोण मारणार? परमिट तोंडीच चालू झालं.

त्या दिवशी त्याच लाइनवर पुढे पांढुर्ण्याची टोळीही होती. त्यांचं काम आधी उरकलं. तसं त्यांनी सांगितलं, पण साहेबांच्या प्रश्नांच्या गर्दीत कोणी उत्तर दिलं नाही. म्हणून त्यांनी पुन्हा सांगितलं. या वेळी सुरुवातीचं नाव कापलं गेलं. "काम झालं, माणसं खाली. लाइन घ्या," एवढंच ऐकू आलं. सौंसरचे ऑपरेटर डोंगरेबाबूंनी पहिला निरोपही ऐकला होता. ते समजले, पहिले पांढुर्ण्याचे, आता हे गजभिये.

"ठीक. चार्ज करून राहिलो," डोंगरेबाबू म्हणाले. म्हणजे सप्लाय सोडतो.

मला वर हे तेव्हा काही कळलं नाही, नंतर समजलं. चुकून वीज आलीच तर ती जमिनीत जावी म्हणून तारेवर अर्थिंगची साखळी टाकलेली होती, पण नुसत्या साखळीच्या भरवशावर कोणी लाइनमन वर बसत नाही.

सुखदेवला मी सकाळीच सेट बंद कर म्हटलं होतं. "राहू दे ना भाऊ, टाइमपास होते," म्हणून त्यानं चालूच ठेवला. आता त्याचा आवाज मला खांबावर ऐकू आला.

"डोंगरेबाबू, थांबा. नका घेऊ लाइन. गजभियेभाऊ वरतेच आहे."

"वरते आहे?" डोंगरेबाबूंचा आवाज बारीक झाला होता. "बरं झालं बोलला. नाही घेत."

मी खाली उतरलो. सुखदेवनं पाणी दिलं. बांधावर बसून राहिलो. मग पुन्हा चढलो. चढणारं दुसरं कोणी नव्हतं. संध्याकाळी देवळात लाइट आली.

नंतर सौंसरला मीटिंग झाली. आमच्या लोकांनी सांगितलं, सेटमुळेच घोळ झाला, सेट काढून टाका. साहेब म्हणाले, "उसी सेट ने तो बचाया." दोन्ही खरं होतं. मग माझ्याकडे वळले. "तू बता."

"सेट राहू द्या साहेब," मी म्हटलं. "परमिट मात्र कागदावर द्या. अन् माणूस वर असला की त्याला काही विचारू नका."

"कागज में टाइम जाता है."

"जाऊ द्या."

माझ्यावर दोस्तमंडळी नाराज झाली. सेट राहिला. कागदही परत आला. साहेबांचं विचारणं महिनाभर बंद होतं, मग पूर्वीसारखं सुरू झालं.

पुढे नोकरी संपेपर्यंत नवनवे सेट आले, आवाज साफ होत गेला. मी प्रत्येक नव्या पोराला एवढंच सांगत आलो: गोष्ट दहा जणांनी ऐकली म्हणजे ती एकाला तरी समजली, असं धरून खांबावर चढू नये.