कंपायलर गप्प बसतो तेव्हा

ऑफिसात त्यांना सगळे बाणवाले म्हणत. तोंडावरसुद्धा. रागावणं दूरच, नव्यानं आलेल्या एखाद्यानं बिचकत आडनावानं हाक मारली तर ती कोणाला मारली हे त्यांनाच क्षणभर कळत नसे.

नाव पडलं ते कामावरून. कंपायलर म्हणजे एक दुभाष्या. माणसानं लिहिलेला प्रोग्राम तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. प्रोग्राम बिनचूक असला तर चकार शब्द काढत नाही. चूक सापडली की मात्र अडून बसतो आणि पडद्यावर सांगतो, अमुक ओळीत अमुक बिघडलंय. ती ओळ जशीच्या तशी दाखवतो आणि तिच्याखाली, नेमक्या चुकलेल्या जागी, वर तोंड केलेला एक छोटा बाण काढतो. काय बोलायचं ते ठरवणारी हुशार मंडळी वेगळी. ते बोलणं अक्षर-अक्षर करून पडद्यावर पोचवायचं, आकड्यांचे अंक पाडायचे, ओळ मोडायची, बाण जागेवर बसवायचा, हे तळाचं काम बाणवाल्यांचं.

तळाचं काम कोणालाच नको असतं, त्यात मिरवण्यासारखं काही नसतं. बाणवाल्यांनी मात्र त्यात उभी हयात घातली, आणि खुशीनं घातली. त्यांचे दोन नियम होते. पहिला, यंत्राची मेमरी संपली तर ‘मेमरी संपली’ एवढं सांगायला तरी मेमरी मागायची वेळ येऊ नये. घरात पीठ नाही हे पाहुण्याला सांगायला कोणी शेजारून पीठ उसनं आणतं का? दुसरा, बोलण्याचा जो तुकडा तयार झाला तो ताबडतोब बाहेर गेला पाहिजे, वाटेत साठवायचा नाही. कंपायलर मध्येच कोसळला तर निदान तेवढं तरी बोलून झालेलं असेल. आणि बाणावर तर त्यांचा इतका जीव, की तो एका अक्षरानं सरकलेला दिसला तर त्यांना जेवण गोड लागत नसे.

गंमत अशी की स्वतः बोलण्यात हा माणूस अगदीच कच्चा. एक शब्द आज, दुसरा उद्या. ‘आमचा धाकटा हप्त्यानं बोलतो,’ असं त्यांचा थोरला भाऊ लहानपणापासून म्हणत आलेला. त्या दादानंच त्यांना या धंद्यात आणलं, पहिला प्रोग्राम शेजारी बसवून लिहायला शिकवला. दादा दुसऱ्या एका कंपनीत प्रोग्राम लिहायचा आणि तिथे धाकट्याच्याच कंपनीचा कंपायलर होता. चूक झाली की हमखास फोन यायचा, “तुझा बाण आला रे आमच्याकडे. पाहुणचार करतोय.” एवढं बोलून ठेवून द्यायचा.

गेले काही महिने हे फोन बंद झाले होते. बाणवाल्यांना वाटलं, दादाच्या चुका कमी झाल्या असतील. त्यांना बरंच वाटलं, खोटं कशाला सांगा.

मग एकदा वहिनींचा फोन आला. “भाऊजी, रविवारी येऊन जा. आणि मी बोलावलंय हे बोलू नका.”

रविवारी सकाळी बाणवाले गेले. दादा जेवणाच्या टेबलापाशी कॉम्प्युटर घेऊन बसला होता, कानात इयरफोन. “ये,” म्हणाला, पण त्यांच्या तोंडाकडे बघेना. कानाकडे बघत होता. बाणवाल्यांनी मागे वळून पाहिलं, तर मागे नुसती भिंत.

“असं कानाकडेच बघतात ते आता,” वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “कानाकडे बघितलं की तोंड थोडं दिसतं. समोर बघितलं की मधोमध काळं.”

“झालं तुझं सांगून?” दादा म्हणाला.

“झालं. तुम्ही सांगणार नव्हतात म्हणून मी सांगितलं.”

डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. गेलेलं परत येणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं. ऑफिसात दादानं कोणाला ताकास तूर लागू दिली नव्हती. पडद्यावरचं सगळं वाचून दाखवणारा एक प्रोग्राम त्यानं बसवून घेतला होता. तो इयरफोनमधून बोलायचा आणि लोकांना वाटायचं, म्हातारपणी गाणी ऐकायचा नाद लागलाय. प्रोग्राम लिहिणं जमत होतं. चूक झाली की मात्र घोडं पेंड खायचं.

“ऐक तुझा बाण,” म्हणून दादानं इयरफोन काढून टाकला आणि आवाज बाहेर सोडला.

यंत्र बोलू लागलं. ओळीचा नंबर सांगितला, चूक सांगितली, ओळ वाचली. आणि मग सुरू झालं: “कोरी जागा, कोरी जागा, कोरी जागा, कोरी जागा...” बराच वेळ. शेवटी, “टोपी.”

ती टोपी म्हणजे बाण. आणि त्या कोऱ्या जागा बाणवाल्यांनी जन्मभर एकेक मोजून बसवलेल्या.

“ओळीखालचा बाण काय कामाचा मला?” दादा म्हणाला, पण खेकसला नाही. “महिनाअखेरीला राजीनामा देतोय. दर चुकीला अर्धा दिवस जातो. कुणाच्या लक्षात यायच्या आत निघालेलं बरं.”

बाणवाले म्हणाले, “थांब.” मग बऱ्याच वेळानं, “मी... बघतो.” दादा नोकरी सोडून त्या टेबलापाशी नुसता बसलाय, हे चित्र घरी जाताना काही केल्या त्यांच्या डोळ्यांपुढून जाईना.

ऑफिसात त्यांनी विभागाच्या मुख्य बाईंना गाठलं. बोलून दाखवायची एक वेगळी सोय करायची आहे म्हणाले.

“किती लोकांना लागेल?” बाईंनी विचारलं.

“सध्या... एकाला.”

“कोणाला?”

दादानं शपथ घातलेली. बाणवाले खिडकीकडे बघत राहिले. बाईंनी त्यांच्याबरोबर बरीच वर्षं काढली होती. त्यांनी फार ताणलं नाही. “चालू कामाला धक्का लागता कामा नये,” एवढंच म्हणाल्या.

पहिला प्रयत्न घेऊन बाणवाले पुढच्या रविवारी हजर झाले. बाण काढून टाकून त्याऐवजी जागा शब्दांत सांगितली होती: ओळ बारा, अक्षर सदतीस.

“सदतीस अक्षरं काय बोटांनी मोजू?” दादा म्हणाला. “तू लोकांना घराचा पत्ता सांगताना पावलं मोजून देतोस का? औषधांच्या दुकानाच्या पुढचं घर म्हणतोस ना? तसं सांग.”

हे पटण्यासारखं होतं. दुसरी गोष्ट मात्र बाणवाल्यांना झोंबली. यंत्र बोलताना ठेचकाळत होतं. “ओळ”, मग थांबा. “बा”, मग “रा”. मग “कं”, मग पुन्हा थांबा, मग “स”. त्यांच्या दुसऱ्या नियमाप्रमाणे प्रत्येक तुकडा सुटासुटा पडद्यावर जात होता. डोळ्यांना ते कधी जाणवलं नाही, तुकडे पटापट शेजारी जाऊन बसायचे. वाचणारा प्रोग्राम मात्र येईल तो तुकडा उचलून बोलून टाकत होता.

दादा हसत सुटला. “अरे, हे तर तुझ्यासारखंच! हप्त्यानं बोलतंय!”

स्वयंपाकघरातून वहिनीही हसल्या. बाणवाले हसले नाहीत. आपणच लिहिलेलं आपल्यासारखंच अडखळतंय हे ऐकताना माणसाला कसं वाटतं, ते ज्याचं त्यालाच ठाऊक. शिवाय आता नियम मोडावा लागणार होता. पूर्ण वाक्य तयार होईपर्यंत तुकडे साठवून ठेवायचे आणि मग एकदम सोडायचे. आयुष्यभर ज्या गोष्टीला नाक मुरडलं, तीच आता हातानं करायची.

केली. चुकलेल्या जागेच्या शेजारचा शब्द सांगायचा, असंही केलं. ऑफिसात चुकांनी भरलेला एक लांबलचक प्रोग्राम घेऊन तपासलं, तर वाक्यांमागून वाक्यं सलग, गुळगुळीत येत होती. बाणवाले इतके खूश झाले की बाईंच्या खोलीत जाऊन “जमलं” म्हणून आले. आपणहून.

महिन्यातला शेवटचा रविवार. दादाच्या टेबलावर त्यांनी नवा कंपायलर बसवला. तपासणीसाठी छोटासा प्रोग्राम लिहिला आणि त्यात मुद्दाम एकच कंस उघडा ठेवला. दादाला सांगितलं नाही.

दादानं बटण दाबलं. वहिनी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या. यंत्र काही बोललं नाही.

दादाचा चेहरा उजळला. “गप्प! म्हणजे बिनचूक आहे. पहिल्या झटक्यात! बघ, अजून जमतं मला.”

तो प्रोग्राम दादानं लिहिलेलाच नव्हता, पण आनंदाच्या भरात तेही त्याच्या ध्यानात राहिलं नाही. बाणवाले मात्र गार पडले. कंस उघडा आहे, मग कंपायलर गप्प कसा? आणि लगेच उजेड पडला. साठवलेलं वाक्य ते केव्हा सोडत होते? पुढचं वाक्य सुरू झालं की. ऑफिसातल्या प्रोग्राममध्ये चुकांचा सुकाळ, त्यामुळे प्रत्येक वाक्याला मागून ढकलायला दुसरं वाक्य होतं. शेवटचं तेवढं आत अडकून राहिलं आणि एवढ्या गर्दीत कोणाला दिसलं नाही. इथे चूकच एक. पहिलं वाक्य तेच शेवटचं. ते तयार होऊन आत बसलं होतं, ते सोडायलाच बाणवाले विसरले होते.

दादा हसत होता. वहिनींनी पदर डोळ्यांना लावला होता. गप्प राहावं, असं बाणवाल्यांच्या मनात आलं. घरी जाऊन गुपचूप दुरुस्त करावं, निदान आजचा दिवस तरी त्याला सुखाचा जाऊ दे. तसं करणं त्यांना सगळ्यात सोपं होतं. गप्प बसण्यात त्यांचा हात कोण धरणार?

“दादा, हे बरोबर नाही,” ते म्हणाले. “प्रोग्रामात चूक आहे, मीच ठेवलीय. कंपायलरला ती सापडलीय, पण सांगायचं वाक्य आत अडकलंय. माझी चूक. ते गप्प आहे म्हणजे सगळं ठीक आहे असं समजू नकोस.”

दादा हसायचा थांबला. मग दादा हळूच म्हणाला, “एका दमात बोललास की रे.”

बाणवाल्यांच्या ते तेव्हाच लक्षात आलं. कान लाल झाले. त्यांनी कॉम्प्युटर आपल्याकडे ओढला आणि, काम संपलं की आत राहिलेलं सगळं आधी बोलून टाकायचं, कोसळण्याची वेळ आली तरी आधी बोलायचं आणि मग कोसळायचं, अशी सोय तिथल्या तिथे लिहिली. दुरुस्ती म्हटली तर एवढीशीच. लिहून झाल्यावर कॉम्प्युटर परत दादापुढे सरकवला.

दादानं पुन्हा बटण दाबलं.

“ओळ बारा. ‘बेरीज’ या शब्दानंतर उघडलेला कंस बंद केलेला नाही,” यंत्र म्हणालं. स्पष्ट, सलग, न अडखळता.

दादानं तो शब्द शोधला, कंस बंद केला, पुन्हा बटण दाबलं. कंपायलर गप्प. दादानं मान तिरकी करून भावाच्या कानाकडे पाहिलं. “हे खरं गप्प, की मघासारखं?”

“खरं.”

“नक्की?”

“नक्की.”

दादानं खुर्चीला पाठ टेकली. वहिनींनी चहाचे कप आणून ठेवले, त्यातला एक त्याच्या बोटांना लागेल असा जवळ सरकवला.

“मीही ऑफिसात मघासारखाच गप्प बसलोय,” तो शेवटी म्हणाला. “सगळ्यांना वाटतंय, ह्याचं सगळं ठीक चाललंय.”

वहिनी जागच्या जागी थांबल्या.

“उद्या साहेबांना सांगतो,” दादा म्हणाला.

“राजीनाम्याचं?” बाणवाल्यांनी विचारलं.

“नाही. डोळ्यांचं. हा कंपायलर लावून द्या म्हणतो. मग काय करायचं ते त्यांनी ठरवावं.” त्यानं कप चाचपून उचलला. “तू येशील बरोबर? मी मध्येच अडकलो तर?”

“येतो,” बाणवाले म्हणाले. “सकाळीच येतो, आणि तुझं बोलून होईपर्यंत तिथून हलत नाही.”