कोणते चिंचखेडे?

त्या दिवशी सकाळी छावणीतून एका मित्राचा फोन आला, "चिंचखेडे गेले." मी विचारलं, "कोणते?" आणि लगेच जीभ चावली. ज्या प्रश्नाने भास्करला जन्मभर छळलं, तोच प्रश्न मी, त्याचा शाळेपासूनचा दोस्त, त्याच्या मरणाच्या बातमीलाही विचारून बसलो होतो... एकटा मीच नव्हे. निम्मे कार्यकर्ते हार घेऊन मंत्र्यांच्या बंगल्यावर पोचले होते. मंत्री बनियनवर फाटकात उभे राहून सगळ्यांना सांगत होते, बाबांनो, मी ठणठणीत आहे, उस्मानपुऱ्यात जा.

उस्मानपुऱ्यातला आमचा भास्कर चिंचखेडे नगरसेवक होता, आणि राज्यात मंत्री असलेले चिंचखेडे साहेब वेगळे. दोघांत ना नातं, ना गाव एक. भास्करच्या वडिलांनी मेंढ्या राखल्या, मंत्र्यांच्या वडिलांनी माणसं. पण आपल्याकडे आडनाव जुळलं की भाऊबंदकी जुळवल्याशिवाय लोकांना चैन पडत नाही. साहेबांचे तुम्ही कोण, असं कुणी विचारलं की भास्कर खरं तेच सांगायचा, कुणीच नाही. झालं! एवढ्या मोठ्या माणसाचा भाऊ असून मिरवत नाही म्हणून लोकांचा विश्वास दुप्पट व्हायचा. पहिल्यांदा निवडून आला त्या दिवशी गुलाल धुता धुता त्याने मला विचारलं होतं, "यातली माझी मतं किती असत्याल रं?" सगळे नाचत होते आणि हा तोंड पाडून मोरीत उभा. मी हसण्यावारी नेलं, पण तो हसला नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. शहर चहूकडून वाढत होतं, काल जिथे ज्वारी उभी होती तिथे आज प्लॉटिंगचे दगड दिसत. नव्या कॉलन्यांना झकास नावं होती, नळ मात्र नव्हते. अशात एका सकाळी खुलताबादकडच्या एका वस्तीवरची माणसं टेम्पो भरून भास्करच्या दारात उतरली. त्यांना मंत्र्यांचं घर हवं होतं, रिक्षावाल्याने हे दाखवलं. विहिरी आटलेल्या, टँकर कधीचा बंद. भास्करने आधी सगळ्यांना चहा पाजला आणि मग त्यांची चूक समजावून सांगितली. सोबतची म्हातारी म्हणाली, "आता आलोच हाव तर तूच बघ की बाबा." वस्ती त्याच्या वॉर्डात सोडा, शहरातसुद्धा नव्हती. तरी त्याने बैठकीतला काळा फोन उचलला. "चिंचखेडे बोलतोय, उस्मानपुऱ्यातून." उस्मानपुरा हा शब्द तो मुद्दाम ठासून म्हणाला, मी समोरच बसलो होतो. पण पलीकडचा पाणीपुरवठ्याचा अधिकारी पहिल्या शब्दालाच खुर्चीतून उठला असावा. दुसऱ्या दिवशी वस्तीवर टँकर हजर.

पुढे हे नेमानेच चाललं. माणसं चुकून यायची, चहा व्हायचा, फोन व्हायचा, पाणी जायचं. टँकर वेळेत निघाला नाही तर भास्कर स्कूटर काढून टँकर भरायच्या केंद्रावर जाऊन बसायचा आणि ड्रायव्हरशेजारी बसून वस्तीपर्यंत जायचा. त्या वस्तीने आभाराचा फलक लावला, त्यावर फोटो मंत्र्यांचा! भास्कर तो बघून आला आणि जेवला नाही. सुमनवहिनी माझ्याकडे तक्रार घेऊन आल्या, मंत्री हसतोय फलकावर आणि उपाशी आमचे हे.

गोष्ट मंत्र्यांच्या कानावर जायची ती गेलीच. विश्रामगृहावर बोलावणं आलं. धीर म्हणून भास्करने मला सोबत नेलं, आणि मीच त्याच्या मागे लपत आत शिरलो. साहेबांनी विचारलं, "माझ्या नावावर टँकर पाठवता म्हणं?"

"नाय साहेब, माझ्याच नावावर पाठवतो. तुमचं बी तेच निघालं, त्याला मी काय करू?"

साहेबांनी आम्ही दोघं सोडून सगळ्यांना बाहेर काढलं, दार लोटून घेतलं आणि खुर्ची जवळ ओढून हळूच म्हणाले, "माझ्या गावाकडं बी दोन पाठवता का? माझं तिथं कुनी ऐकंना."

भास्करने पाठवले. परत येताना स्कूटरवर तो इतका हसला की आम्हाला रस्त्याकडेला थांबावं लागलं. पण घराजवळ आल्यावर म्हणाला, "मी मेल्यावर बी लोक त्यालाच हार घालतील बघ." तेव्हा मी त्याला शिव्या घातल्या होत्या. हार घेऊन माणसं कुठे गेली, हे आता ठाऊकच आहे. ते आठवलं की आधी हसू फुटतं, मग रडू.

परवा वहिनींकडे गेलो होतो. बैठक तशीच आहे, काळा फोन तसाच, त्याच्यावर भास्करचा रुमाल. आम्ही चहा घेत असताना फोन वाजला. वहिनींनी उचलला. पलीकडची बाई इतकं मोठ्याने बोलत होती की मला सगळं ऐकू येत होतं. चिंचखेड्यांचं घर का, तिने विचारलं.

वहिनींनी सवयीने विचारलं, "कोणते चिंचखेडे?"

"टँकरवाले. दुसरे कोन हायेत?"

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं. पदराने डोळे पुसले, वस्तीचं नाव विचारून घेतलं, फोन ठेवला. मग पुन्हा उचलून नंबर फिरवला.

"चिंचखेडे बोलतेय," त्या म्हणाल्या. "उस्मानपुऱ्यातून."