येथे मिलो दळून मिळणार नाही

आमच्या घरी पीठ कधी विकत आणलं नाही. अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, पंचवटीत पिठाची गिरणी होती, आणि गिरणीवाल्याला पीठ आपोआप मिळतं. एकाचं दळण संपून दुसऱ्याचं सुरू होतं तेव्हा दगडांत आणि खालच्या कापडी बाहीत मूठ-दोन मूठ पीठ अडकून राहतं. गिरणी बंद करताना ते झटकायचं नि घरी आणायचं. त्यामुळे आमची पोळी शुद्ध अशी कशाचीच नसायची. तिच्यात वकीलसाहेबांचे गहू, शेजारच्या काकूंची बाजरी, कुणाचं तरी थालीपिठाचं भाजणीचं पीठ, असं सगळं गुण्यागोविंदानं नांदायचं. पहिल्यांदा जेवायला आलेला पाहुणा घास तोंडात धरून विचारात पडायचा. आम्हाला तीच चव घरची वाटायची.

मी तेव्हा विशीत होते. मॅट्रिकला गणितात दोनदा आडवी झाले होते, म्हणून अण्णांनी मला घरी न बसवता तराजूवर बसवलं. गणितात गेलेल्या मुलीला वजन आणि पैसे का सांभाळायला दिले, ते अण्णाच जाणोत. माझं तोंड चांगलं चालायचं, एवढी एक पात्रता होती.

बहात्तरच्या दुष्काळात रेशनवर मिलो आली. मिलो म्हणजे परदेशातून बोटीनं आलेली लाल ज्वारी. 'तिकडे ही जनावरांना घालतात' असं जो तो छातीठोकपणे सांगायचा. तिकडे जाऊन आलेलं अर्थातच कुणी नव्हतं. दाणा टणक, पीठ लालसर, आणि भाकरी थापायला घेतली की परातीतच फाटायची. आमच्या गिरणीत पहिले काही दिवस सगळ्यांसोबत मिलोही दळली गेली, आणि मिलोच्या मागे ज्याचे गहू लागले त्याच्या पोळ्या गुलाबी झाल्या.

असे पहिले गहू लागले ते नेमके वकीलसाहेबांचे. त्यांची सायखेड्याला शेती होती, घरात माणसं भरपूर, त्यामुळे दळण मोठं. आमचं सगळ्यात वजनदार गिऱ्हाईक. ते दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळून एक पोळी घेऊन आले आणि पुरावा म्हणून माझ्या तराजूवर ठेवली. पोळी खरंच गुलाबी होती. लहान मुलाच्या टाळूइतकी गुलाबी.

"मी काही तक्रार करत नाही," ते म्हणाले. "तक्रार करावी सरकारकडे. बाजारात तक्रार नसते, निवड असते. उद्यापासून मी गंगेपलीकडच्या गिरणीत जाईन. तुम्ही कुणाचं दळावं हा तुमचा प्रश्न, मी कुठं दळावं हा माझा."

वकीलसाहेब मोकळ्या बाजाराचे भारी कैवारी होते. कंट्रोल, रेशन, परवाना, असं काही ऐकलं की त्यांना शिंका यायच्या. अण्णांना त्यांचं म्हणणं मनापासून पटलं, अर्धं तत्त्व म्हणून आणि अर्धं त्या मोठ्या दळणाकडे बघून. संध्याकाळपर्यंत दारावर पाटी लागली : येथे मिलो दळून मिळणार नाही. दोनच दिवसांत नदीपलीकडच्या त्या गिरणीवरही तसलीच पाटी आली.

मग जे काय सुरू झालं, विचारू नका.

मागच्या कॉलनीतले एक गुरुजी चाळीस सह्यांचा अर्ज घेऊन आले. गुरुजी शांत माणूस. म्हणाले, "मिलो खायची हौस आम्हालाही नाही. पण तीच मिळते. ती दळलीच पाहिजे."

"दळलीच पाहिजे?" अण्णांनी तेवढाच शब्द धरला. "गिरणी माझी, विजेचं बिल माझं, मर्जी माझी. मिलो सरकारनं आणली ना? मग सरकारनंच दळावी."

अण्णांचा स्वभाव असा की 'बसा' म्हटलं तर ते उभे राहायचे. अर्जावरच्या चाळीस सह्या बघून त्यांच्या अंगात चाळीस माणसांचं बळ आलं. मी आपली मध्येच म्हणाले, "अण्णा, गुरुजींचं घ्या की एकदा." तर मला म्हणाले, "तू गणिताचं बघ."

शेवटी प्रकरण मामाकडे गेलं. आईचा धाकटा भाऊ तहसील कचेरीत पुरवठ्याच्या टेबलावर कारकून होता. म्हणजे आमच्या घरात सरकार होतंच, आणि ते दर रविवारी जेवायलाही यायचं. या रविवारी तो बगलेत फाईल घेऊन सायकलवरून थेट गिरणीत आला. गुरुजी येऊन बसलेच होते. मामानं चष्मा पुसला, कागद चाळले, एका कागदावर बोट ठेवलं.

"दाजी, सरकारची जबाबदारी पोत्याच्या तोंडापर्यंत," तो म्हणाला. "पोतं सुटलं, कार्डावर शिक्का पडला, की धान्य कार्डधारकाचं. पुढं त्यानं त्याचं काय करावं याच्याशी खात्याचा संबंध नाही."

"मग लोकांनी अख्खी गिळायची का?" गुरुजींनी विचारलं.

मामानं पुन्हा सगळी फाईल पहिल्यापासून चाळली. मग म्हणाला, "त्याबद्दल परिपत्रकात काही नाही."

अण्णा एवढे खूश झाले की त्यांनी मामाला चहा पाजला, गुरुजींनाही पाजला. गुरुजींनी चहा घेतला आणि कॉलनीत जाऊन सगळ्यांची माळ्यावर टाकलेली दगडी जाती खाली काढायला लावली. त्यांचं त्यांनी भागवलं. हे सगळं जिंकूनही अण्णांना त्या जात्यांची घरघर ऐकून राग यायचा. आमच्याशिवाय लोकांचं चालतं, हे त्यांना मुळीच आवडलं नाही.

आता आईचं ऐका. कार्डावर आलेली वस्तू सोडायची नाही, हा आईचा नेम. तिनं आमच्या वाट्याची मिलो उचलून आणली आणि गिरणीत पाठवली. अण्णांनी पिशवी जशीच्या तशी परत पाठवली. घरच्यांसाठी पाटी वेगळी नाही, असा निरोपही माझ्याच हाती दिला. आईनं निरोप ऐकला, पदर खोचला आणि ती मिलो अख्खीच शिजत घातली.

त्या दिवशी जेवायला मिलोच्या घुगऱ्या. दुसऱ्या दिवशी मिलोच्या घुगऱ्या. सकाळी चुलीवर चढवलेलं पातेलं दुपारी उतरायचं, तरी दाणा दाणाच राहायचा. गिरणीतलं झाडलेलं पीठ डब्यात भरून होतं, पण आई त्याला हात लावेना.

"अगं, दोन पोळ्या टाक," अण्णा म्हणाले.

"तवा माझा, चूल माझी, मर्जी माझी," आई म्हणाली.

अण्णा खाली मान घालून चावत बसले. त्यांची एक दाढ हलत होती, त्यामुळे घास या गालातून त्या गालात फिरायचा नि मध्येच कट्ट असा आवाज यायचा. तत्त्वासाठी माणूस काय काय सोसतो, ते मी चार दिवस समोर बसून बघितलं आणि चारही दिवस मला हसू आवरलं नाही. मीही तेच खात होते, पण माझे दात शाबूत होते.

पाचवा दिवस बुधवारचा. बुधवारी बाजार, म्हणून मजुरांना त्या दिवशी मजुरी मिळायची. आमच्या रस्त्याच्या टोकाला बंगल्यांचं बांधकाम चाललं होतं, आणि तिथं पेठ तालुक्यातली डोंगराकडची माणसं कामाला आली होती. तिकडे त्या साली काही पिकलंच नव्हतं. त्यांचा कंत्राटदार अर्धी मजुरी पैशांत द्यायचा नि अर्धी मिलोत. कार्डाचा, शिक्क्याचा प्रश्नच नाही. मामाचं सरकार त्यांच्यापर्यंत पोत्याच्या तोंडाइतकंही पोचलेलं नव्हतं.

दुपारी चारच्या सुमाराला त्यांच्यातली एक बाई डोक्यावर गाठोडं घेऊन दारात उभी राहिली. चाळिशीची असेल, हातापायांवर सिमेंट वाळलेलं. आत वकीलसाहेब बाकावर बसले होते, त्यांचा गव्हाचा डबा पुढच्या नंबराला होता. आधीचेही गहूच चालले होते, ते नुकते संपले होते.

"दळायचं काय घेता?" तिनं विचारलं.

"काय आहे?"

"मिलो."

"मिलो नाही दळत. बाहेर पाटी आहे," अण्णा म्हणाले.

"मला नाय वाचता येत. घेता काय, ते सांगा."

इतक्या दिवसांत अर्ज आला होता, फाईल आली होती, परिपत्रक येऊन गेलं होतं. पण भाव कुणी विचारला नव्हता. अण्णांनी त्यावर विचारच केलेला नव्हता, ते मला त्यांच्या तोंडावर दिसलं. बाई निघून जावी म्हणून ते फटकन बोलून गेले, "वीस पैसे किलो. दुप्पट पडतील."

बाईनं गाठोडं खाली उतरवलं. "चालंल. पण आधी दगड साफ करा."

"काय?"

"आत्ता गहू दळलात ना? तो माझ्यात नको. दुप्पट घेता, तर माझ्या पिठात लोकांचं नको."

वकीलसाहेब हसले. "अहो बाई, गहू फुकटात मिळतोय की."

"फुकटचा मी मागितला का?" ती त्यांच्याकडे न बघता म्हणाली. "ही भाकर आधीच फाटती. किती पाणी, किती मळायचं, त्याला आत्ता कुठं हात बसला माझा. त्यात दुसरं काय आलं की पुन्हा बिघाडती." मग अण्णांना म्हणाली, "गावाला जातं हाय माझं. हितं कुठून आणू? चार दिस पोरं अख्खे दाणे शिजवून खात्यात. धाकटा तर चावतच नाय, नुसता चोखून थुकतो."

चार दिवस आमच्या घरी जी गंमत चालली होती, ती या बाईच्या घरचं जेवण होतं. मी अण्णांच्या दाढेला हसत होते. मला लाज वाटली, इतकी की मी उगाच वजनं पुसायला घेतली.

अण्णांनी पट्टा थांबवला. मला म्हणाले, "घरी जा आणि आपली मिलो घेऊन ये." मी पळतच गेले. आईनं कारण विचारलं नाही, फक्त "किती?" विचारलं आणि सगळीच पिशवी दिली. अण्णांनी आधी कुंच्यानं दगड झाडले, बाही उलटी करून झटकली, मग आमची दोन किलो मिलो त्यातून काढली, म्हणजे राहिलेला गहू आमच्या पिठात आला. आणि मग बाईचं दळण टाकलं.

"अहो, माझा नंबर होता," वकीलसाहेब म्हणाले.

"तुमचं यांच्यानंतर."

"म्हणजे पुन्हा लाल येणार."

"पहिले दोन किलो फुकट दळून देतो."

वकीलसाहेबांनी बोटांवर हिशेब केला. बाजाराचा विचार करत असावेत. "तीन करा," ते म्हणाले. पुढं सबंध वर्षभर ते मिलोच्या पाठोपाठचाच नंबर धरायचे, आणि त्यांच्या घरात गुलाबी पोळी पचनाला हलकी ठरली.

बाईनं पीठ चिमटीत घेऊन चोळलं, जिभेवर टाकलं आणि मान हलवली. कनवटीचे पैसे काढून दुपटीच्या हिशेबानं माझ्या हातावर ठेवले. घासाघीस नाही, काही नाही.

"पुढच्या बुधवारी याच वेळेला या," अण्णा म्हणाले. मघाशी ते तिच्याशी नीट बोलतसुद्धा नव्हते.

"बघते," ती गाठोडं उचलत म्हणाली. "तुम्ही घेतली म्हणल्यावर गंगेपलीकडचा बी घेईल. त्याला भाव इचारते."

आणि गेली.

अण्णा तसेच उभे राहिले. ज्याला त्याला 'दुसरी गिरणी बघा' म्हणणारे अण्णा. आत वकीलसाहेबांचे गहू वर टाकलेले, पट्टा फिरतोय, आणि हा माणूस पीठभरल्या अंगानं, पायात चपला न घालता रस्त्यानं तिच्या मागे गेला. कोपऱ्यावर तिला गाठून काहीतरी बोलला. परत आल्यावर मी विचारलं, काय म्हणालात. म्हणाले, "काही नाही. सगळ्यांचा तोच तुमचा भाव म्हटलं. दहा." मी तिचे वरचे पैसे परत करायला म्हणून त्यांच्या हातावर ठेवले, तर मला म्हणाले, "आता कसले देतेस? ती घ्यायला तयार नाही. म्हणते, आजचा भाव आज ठरला होता."

पुढच्या बुधवारी अण्णांनी दुपारी तीनलाच दगड झाडून ठेवले. गव्हाचे तीन डबे बाहेर थांबवून ठेवले आणि गिऱ्हाइकांना खुशाल सांगितलं, की मोटर तापली आहे. मोटर गारच होती. चार वाजले, सव्वाचार झाले. आम्ही बापलेक दाराकडे बघत होतो.

साडेचारला ती आली. सोबत आणखी चौघी, प्रत्येकीच्या डोक्यावर गाठोडं.

"तिकडं गेलते," ती म्हणाली. "तो नऊ घेतो."

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. आठ म्हणावं की काय, या विचारात असतील.

"पण दगड साफ करा म्हणलं, तर हसला," ती म्हणाली. "म्हणून हितं आलो." आणि गाठोडं तराजूवर ठेवायच्या आधी वाकून तिनं दगडांत नीट बघून घेतलं.