अठरा फ्रेमचा आवंढा

थोरली जाऊ ट्रेलर कापायची, म्हणजे एडिट करायची, आणि धाकटी जाऊ सिनेमे. दोघी एकाच स्टुडिओत, एकाच मजल्यावर, आणि घरीही एकाच जिन्याच्या वर-खाली. म्हणजे एकमेकींचं तोंड न बघता एखादा दिवस काढावा म्हटलं, तरी तशी सोय कुठेच नव्हती.

ट्रेलर दोन मिनिटांचा, म्हणून थोरलीला स्टुडिओत सगळे 'दोन मिनिटं' म्हणत. "दोन मिनिटं आल्या का?" असं कुणी विचारलं की नवा माणूस बिचारा, कुणीतरी दोन मिनिटांत येणार आहे असं समजून थांबून राहायचा. बावीस वर्षं ती ट्रेलर कापत होती. ट्रेलरमध्ये नटाचं नाव येतं, नटीचं येतं, संगीतवाल्याचं येतं, निर्मात्याच्या मेव्हण्याचंसुद्धा येतं. ज्या बाईनं तो कापला तिचं नाव मात्र कधीच येत नाही. थोरली म्हणायची, मला त्याचं काही नाही. साफ खोटं. तिला त्याचंच होतं.

त्यात घरी सासूबाई. पाहुणे आले की ओळख करून देत, "ही धाकटी, सिनेमे करते. मोठी पण तिथंच असते." या 'पण तिथंच असते'नं थोरलीच्या अंगाचा तिळपापड व्हायचा आणि ती पाहुण्यांसमोर हसत हसत चहाचे कप उचलायची.

बरं, धाकटीला या धंद्यात आणली कुणी? हिनंच. लग्न होऊन आली तेव्हा पोरगी दिवसभर खिडकीशी बसून असायची. थोरलीलाच दया आली. "चल माझ्याबरोबर, नुसती बसून बघ," म्हणाली. मग आपल्या खुर्चीशेजारी स्टूल टाकलं, आणि वर्षभरात हाताला धरून सगळं शिकवलं. सगळ्यात आधी शिकवला तो आवंढा.

आवंढा हा थोरलीचा स्वतःचा शब्द. ट्रेलरच्या शेवटच्या शॉटआधी पडदा काळा करायचा, आवाज बंद. माणसाला आवंढा गिळायला लागतो तेवढाच वेळ. सेकंदाला चोवीस फ्रेम, त्यातल्या अठरा. कमी ठेवल्या तर कुणाच्या ध्यानातच येत नाही. जास्त ठेवल्या तर लोकांना वाटतं, मशीन बिघडलं. धाकटीचा हात नेहमी घाई करायचा. थोरली टेबलावर नखानं टकटक करायची, "गीळ आधी. स्वतः गीळ, मग काप."

दोन वर्षांनी एका दिग्दर्शकानं धाकटीचं काम पाहिलं आणि तिला उचलून सिनेमाला लावली. पडद्यावर नाव आलं, एकटीचं, अख्खा पडदा भरून. त्या दिवशी सगळ्यात जोरात टाळ्या थोरलीनंच वाजवल्या, आणि घरी येऊन डोकं दुखतंय म्हणून जेवली नाही.

मग आला कप्तानाचा सिनेमा. ट्रेलर थोरलीचा, सिनेमा धाकटीचा. बोटीबरोबर कप्तान बुडतो तिथे सिनेमा संपायचा आणि लोक डोळे पुसत बाहेर पडायचे, ते पुन्हा तिकीट काढायला. समारंभात धाकटीला हातभर पुष्पगुच्छ मिळाला. थोरलीला निर्माता म्हणाला, "तुमचंही छान होतं हं." तिनं मनाशी एक हिशेब पक्का करून ठेवला होता: पहिल्या दिवशीची गर्दी माझी, नंतरची तिची. या एका हिशेबावर ती तीन वर्षं तग धरून होती.

तीन वर्षांनी दुसरा भाग तयार झाला आणि निर्मात्यानं सगळ्यांना बोलावलं. प्रश्न एकच, या भागाला ट्रेलर लागतो का? थोरलीला आधी वाटलं, थट्टा चाललीय. जेवणाला ताट लागतं का, असं कुणी विचारतं का?

"मला वाटतं, नको," धाकटी म्हणाली. हळूच म्हणाली, पण म्हणाली. "पहिल्या वेळी कप्तान कोण हे कुणाला माहीत नव्हतं. आता घरोघरी माहितीय. आणि ट्रेलरमध्ये कप्तान दाखवला तर तो जिवंत आहे हे आधीच फुटणार. नाही दाखवला, तर दाखवायचं काय?"

"अगं, दुसरा भाग निघाला म्हणजे कप्तान जिवंत आहे हे शेंबड्या पोरालाही कळतं," थोरली म्हणाली. "तो कसा वाचला हे बघायला येतात लोक. आणि ट्रेलर काय फक्त बोलवायला असतो? वाट बघायला काहीतरी हातात लागतं माणसाला. महिनाभर लोक तीच दोन मिनिटं पुन्हा पुन्हा बघतात, भांडतात, पैजा लावतात. तो आनंद तू सिनेमात देशील का?"

सगळे धाकटीकडे बघू लागले. ती म्हणाली, "वहिनी, तुमचं खरं आहे. पण या वेळी लोक तसेही येतील."

निर्मात्याला खर्च वाचवणारं मत नेहमीच पटतं. ठरलं. एक पोस्टर, त्यावर नुसतं पाणी आणि तारीख. बस.

दुसऱ्याच दिवशी स्टुडिओचा व्यवस्थापक टेप घेऊन थोरलीच्या कामाच्या खोलीत आला आणि भिंती मोजू लागला. डबिंगवाल्यांना जागा कमी पडते, म्हणाला. दुसरा भाग ट्रेलरशिवाय चालला, तर बाकीचे निर्मातेही तेच करतील, मग एवढी खोली हवीय कशाला? "तुमची सोय बघू आपण कुठेतरी," असं तो अगदी गोड आवाजात म्हणाला. थोरली त्याच्या टेपचं दुसरं टोक धरून उभी राहिली, कारण त्यानं ते तिच्या हातात दिलं होतं.

संध्याकाळी जिन्यात धाकटी भेटली. "वहिनी, राग आला का?"

"राग कसला? कामाची गोष्ट ती."

"मग एक काम आहे. सिनेमाच्या सुरुवातीला आधीच्या भागाची उजळणी ठेवलीय. मीच कापलीय. दोन मिनिटांची. उद्या सकाळी सगळ्यांना दाखवतोय, तुम्ही याच. तुम्ही बरोबर म्हटल्याशिवाय मी ती पक्की करणार नाही."

दोन मिनिटांची! थोरलीला रात्रभर तेवढंच ऐकू येत होतं. आधी पडदा घेतला, मग पुष्पगुच्छ घेतला, मग खोली. आता दोन मिनिटंही घेतली.

तळमजल्यावरच्या छोट्या हॉलमध्ये बारा खुर्च्या होत्या. थोरली शेवटच्या रांगेत बसली, चुका टिपायला. उजळणी सुरू झाली. वादळ, डेक, कप्तानाची टोपी, बायकोचं पत्र. प्रत्येक कापात थोरलीला स्वतःचा हात ओळखू येत होता. हे मीच शिकवलंय, हेही मीच. मग बोट बुडाली, पाणी मिटलं, आणि पडदा काळा झाला.

सवयीनं थोरलीचं नख खुर्चीच्या हातावर मोजू लागलं. अठरा फ्रेम झाल्या. पडदा काळाच. चोवीस झाल्या. निर्मात्याचा सतत हलणारा पाय थांबला. छत्तीस. कुणी हललं नाही. अठ्ठेचाळीस, पुरते दोन सेकंद, आणि मग पाण्यातून एक हात वर आला. एरवी असल्या वेळी घोरणारा व्यवस्थापक "अगं आई!" म्हणून ओरडला. थोरलीनं स्वतः दोनदा आवंढा गिळला होता.

बावीस वर्षांत एवढं थांबायचं धाडस तिला कधी झालं नव्हतं. तिच्याच शिष्येनं ते केलं होतं, आणि झक्क केलं होतं. अशा वेळी गुरूची छाती भरून येते असं म्हणतात. थोरलीच्या पोटात मात्र असं दुखलं की तिला खुर्चीत पुढे वाकावं लागलं.

दिवे लागले. सगळे धाकटीभोवती जमले. ती त्या सगळ्यांमधून वाट काढून मागे आली. "वहिनी?"

"आवंढा लांबलाय," थोरली म्हणाली.

"खरंच?"

"लोकांना वाटेल, मशीन बिघडलं. अठरा म्हणजे अठरा."

धाकटीचा चेहरा उतरला, पण तिनं मान हलवली. हुज्जत नाही, काही नाही. निर्माता मागून म्हणत होता, अहो राहू द्या, मस्त आहे. धाकटी त्याला म्हणाली, "वहिनी म्हणतात ना लांबलाय, म्हणजे लांबलाय." त्याच दुपारी तिनं तीस फ्रेम काढून टाकल्या आणि सिनेमा सगळ्या थिएटरांना रवाना झाला.

थोरलीनं ती दुपार कशी काढली, विचारू नका. चारदा धाकटीच्या दारापर्यंत गेली आणि चारदा पाणी प्यायला आल्यासारखं करून परतली.

सिनेमा लागला त्या दिवशी पहिल्या खेळाला दोघी शेजारी-शेजारी बसल्या होत्या. थिएटर ठासून भरलं होतं. एकही ट्रेलर नाही, तरी दाराशी रेटारेटी. म्हणजे धाकटीचंच खरं होतं, आणि थोरलीचा तीन वर्षं जपलेला हिशेबही गेला. पण तिला त्याचं दुःख करायला वेळ मिळाला नाही, कारण उजळणी सुरू झाली होती. वादळ, टोपी, पत्र. बोट बुडाली. पडदा काळा झाला, कुणीतरी खोकलं, पॉपकॉर्नची पिशवी सळसळली, आणि तेवढ्यात पाण्यातून हात वर येऊनही गेला. मागच्या रांगेतली बाई नवऱ्याला विचारत होती, "कुणाचा हो हात?"

मध्यंतरात धाकटी तिला जिन्यापाशी घेऊन गेली. तिचे डोळे अजून स्टुलावर बसलेल्या पोरीचेच होते. "आता बरोबर झालं ना, वहिनी?"

थोरलीला सहज हो म्हणता आलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पण खोली गेली होती, गर्दी गेली होती, आणि अख्ख्या धंद्यात तिला विचारून काम करणारं हे एकच माणूस उरलं होतं.

"आधीचंच बरोबर होतं," ती म्हणाली. "एक फ्रेमसुद्धा जास्त नव्हती."

"मग त्या दिवशी तुम्ही...?"

"जळले मी. तुझ्यावर जळून बोलले. मला तसं कधी जमलं नव्हतं."

खालून चहाच्या कपांचा आवाज येत होता, लोक जिना चढून आत जात होते. थोरलीचं नख कठड्यावर आपसूक मोजू लागलं. अठरा झाल्या. अठ्ठेचाळीस झाल्या. मध्यंतर संपल्याची घंटा वाजली, जिना रिकामा झाला, तरी धाकटीच्या तोंडून शब्द नाही.

या वेळी मात्र आवंढा खरंच लांबला होता.