साप पाहण्याचा कार्यक्रम

माझ्या सासऱ्यांनी आयुष्यात पारखून न घेता एकच गोष्ट स्वीकारली असेल, ती म्हणजे स्वतःचा जन्म. आणि तिच्याबद्दलही त्यांची तक्रार आहेच. वजनमापे खात्यातून ते अकोल्यात निवृत्त झाले. खात्याने त्यांना सोडले, पण त्यांनी खाते काही सोडले नाही. छत्री घ्यायची तर दुकानदाराला वरून बादली ओतायला लावतील. उशी घ्यायची तर दुकानातच आडवे होऊन घोरतील, आणि जागे झाल्यावर मान आखडली म्हणून दुसरी मागतील. मी मुलगी पाहायला अमरावतीहून त्यांच्या घरी गेलो, तेव्हा पोह्यांची बशी हातात येते न येते तोच माझ्या पाठीमागे पितळी परात धाडकन पडली. मी दचकून उभा राहिलो, निम्मे पोहे शर्टावर. मामाजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, शांतपणे परात उचलली आणि आत सासूबाईंना सांगितले, "घाबरते, पन कोनाच्या अंगावर जात नाई. चालते." तेवढ्यावर माझे लग्न ठरले.

पुढे सासूबाई गेल्या आणि मामाजी त्या घरात एकटे उरले. अमरावतीला चला म्हटले की हवा मानवणार नाही म्हणत. अकोल्याच्या उन्हाळ्याची बाजू घेणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. शेवटी माझी बायको म्हणाली, "बाबा, एखादा कुत्रा तरी पाळा." मग एके दिवशी मला फोन आला, "जवाईबापू, मी साप पाळून राहिलो."

आपल्याकडचा साप पाळणे गुन्हा आहे, हे मी घसा खरवडून सांगितले. "माईत आहे मले. बाहेरदेशातला पाहून राहिलो, कागदपत्रासहित." आणि चौकशी सुरू झाली, अगदी स्थळाची करावी तशी. कॉर्न स्नेक स्वभावाने गरीब, पण झाकण जरा सैल राहिले की घर सोडतो, म्हणून नापास. किंग स्नेक दिसायला देखणा, पण दुसरे साप खातो, "भावकी खानारे आपल्या घरी पहिलेच पुष्कळ आहेत." पसंत पडला बॉल पायथन. पहिल्यांदा पाळणाऱ्याला बरा. कधीतरी एकदा जेवतो, बाकी कोपऱ्यात गप्प, आणि घाबरला की अंगाचा चेंडू करून डोके आत लपवतो. "तुमच्यासारखाच आहे," मामाजी कौतुकाने म्हणाले. बायकोला हे मी अजून सांगितलेले नाही.

पाहण्याचा कार्यक्रम रविवारी ठरला. अचलपूरचा कोणी एक इसम भोके पाडलेली प्लास्टिकची बरणी घेऊन आला आणि ती त्याने टीपॉयवर ठेवली. आत जाडसर, तपकिरी पिल्लू. पाठीवर साखळीसारखे गोल गोल ठिपके. कागद मागून येतात, असे तो म्हणाला. "एकदम गरीब आहे साहेब, हातात घ्या." मामाजी आत गेले होते. परातीच्या प्रसंगानंतर त्या घरात थोडा पराक्रम दाखवावा असे मला बरीच वर्षे वाटत होते. मी एक तळवा बरणीला लावला आणि दुसऱ्या हाताने झाकण फिरवायला घेतले.

झाकण जवळजवळ सुटले होते. तेवढ्यात मागे परात पडली.

मी दचकलो, पण या वेळी एकटा नव्हतो. पिल्लू फुगले. बरणीतून कुकरची शिट्टी व्हायच्या आधी येतो तसा आवाज येऊ लागला आणि थांबेचना. त्याने डोके लपवले नाही. ते वर उचलले आणि माझा तळवा होता नेमक्या त्या जागी आतून आदळले. प्लास्टिकवरून पिवळसर थेंब ओघळला.

"जवाईबापू," मामाजी अगदी हळू म्हणाले, "हात उचलू नका. झाकन फिरवा. उलटं नाई, सुलटं."

बोटे माझी राहिली नव्हती. मामाजींनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून ते झाकण बसवले. झाकण घट्ट झाल्यावर ते म्हणाले, "परड आहे हे. अंगावर येते. चालत नाई." परड म्हणजे घोणस. तिचा दंश म्हणजे काय, हे वऱ्हाडात कुणाला सांगावे लागत नाही. "मले तं अजगर म्हनूनच दिला हो," असे पुटपुटत तो इसम चपला हातात घेऊन पळाला. वनखात्याची माणसे येऊन बरणी नेईपर्यंत तिच्यावर परात पालथी होती, परातीवर वरवंटा होता, आणि आम्ही दोघे पलंगावर पाय वर घेऊन बसलो होतो.

भीती ओसरली तसा मला राग आला. "मामाजी, काय नडलंय सापावाचून? कुत्रा का नको?"

त्यांनी परात उचलून भिंतीला टेकवली. "कुत्रं दारात वाट पाहत बसते. उद्या मी दवाखान्यातून वापस नाई आलो, तं त्याले कोन समजावून सांगन? तुमच्या सासूबाई दवाखान्यात होत्या, तवा मी फाटकापाशी खुर्ची टाकून बसत होतो. वाट पाह्यनं काय असते, मले माईत आहे. साप वाट पाहत नाई. मी चौकशी केली."

मला रडू आले. त्यांना दिसू नये म्हणून मी स्वच्छ परात पुन्हा घासायला घेतली.

सापाचा विषय पुढे निघाला नाही. आता रविवारी मी अकोल्याची बस धरतो. गल्लीत वळलो की फाटकापाशी खुर्ची दिसते आणि खुर्चीत मामाजी.

"वाट पाहत होता का?"

"छे," ते उठत म्हणतात, "बिजागरी तपासून राहिलो होतो."

बिजागरी चांगली आहे. तरी ते दर रविवारी ती तपासतात.