दहा, वीस, तीस
मी चौथीपर्यंतच शिकले. माझं शुद्धलेखन चुकतं, अक्षरही वेडंवाकडं आहे. हे कुणी वाचलंच तर माफ करावं.

संपात ह्यांची गिरणी सुटली, तेव्हापासून मी चिंचपोकळीच्या एका कारखान्यात सुताच्या लड्या विजेच्या काट्यावर ठेवून वजन मोठ्याने वाचायची आणि कारकून ते लिहून घ्यायचा. त्यावरच घर चालायचं.

एक दिवस शेठने कॉम्प्युटरवाला आणला. त्याने नाव सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. काट्याच्या मागून तार काढून त्याने ती कॉम्प्युटरला जोडली आणि बेसिक नावाच्या भाषेत ओळी लिहायला बसला. अडला की तो कानाची पाळी ओढायचा.

कारकून हसून म्हणाला, "बाई, सवत आली तुमची."

ओळींच्या आधी दहा, वीस, तीस असे आकडे होते. मी धीर करून विचारलं, "मधले कुठे गेले?"

"काही राहून गेलं तर मागाहून घालायला जागा ठेवतो, ताई. आता तुम्ही वजन वाचा, मी पडद्यावर जुळवतो."

आधी पडद्यावर भलतीच चिन्हं आली. दुपारपर्यंत आमचे आकडे जुळले. मग एका लडीला मी तोंड उघडायच्या आत वजन प्रिंटरच्या कागदावर छापून आलं. कारकुनाचं हसू गेलं.

कॉम्प्युटरवाल्याने पुन्हा आपला कान ओढला. "मला काट्याचंच काम सांगितलंय, ताई. माणसांचं काही सांगितलं नाही." मला त्याचा राग आला नाही. त्यालाही घर असेल.

शनिवारी शेठने शेवटचा पगार दिला. मुलाच्या आजारपणात घेतलेली उचल त्यातून कापली. हातात सुटे पैसे उरले, पण उचल सगळी फिटली.