खिडकीचा दांडा

आईला जाऊन पाच आठवडे झाले. शेवटच्या भेटीत तिनं जे सांगितलं त्याचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तरीही तिच्याविषयी लिहायला बसले आहे. राग धरूनच लिहिते.

आमचं घर बेटावरच्या रोझ बेल गावात, लाकडी भिंतींचं, पत्र्याच्या छपराचं. रेडिओवर सिक्लोनचा, म्हणजे वादळाचा, इशारा झाला की आई उसाच्या शेतातून परतायची आणि कामं वाटून द्यायची. छप्पर बाबांकडे, कोंबड्या धाकट्या भावाकडे, मागच्या खोलीची खिडकी माझ्याकडे. लाकडी झडप ओढायची आणि आतून लोखंडी दांडा आडवा घालायचा. "वारा आपल्या हातात नाय, बाय. दांडा हाय." यापलीकडे तिनं कधी उपदेश केला नाही.

मी शाळेच्या शेवटच्या वर्षात होते तेव्हाची गोष्ट. वारा उसावरून कसा लोळत येतो ते फटीतून बघायचं होतं, म्हणून मी झडप नुसती ओढून घेतली. तासाभरात ती उडाली, आणि खिडकीखाली ठेवलेल्या माझ्या सगळ्या पुस्तकांचा लगदा झाला. बाबांनी कपाळाला हात लावला. "की पू फेर..." काय करणार, हे त्यांचं जन्माचं पालुपद. "पोरीच्या नशिबात शिकणं नाय. घरी ऱ्हाऊ दे." खरं सांगते, मला हायसंच वाटलं. नशिबावर ढकललं की माझी चूक उरत नव्हती.

"दांडा काय नशिबानं घालायचा होता?" आई म्हणाली. वादळ ओसरताच तिनं मला व्हाकोआ शहरात राहणाऱ्या माझ्या वर्गातल्या मैत्रिणीकडे पुस्तकं मागायला धाडलं. सोबत आली नाही. "तुज्या तोंडानं माग." वर्षभर रोज संध्याकाळी मी पुस्तकं उतरवून काढत होते, आणि अक्षरओळख नसलेली आई समोर भाजी निवडत बसायची. मी पास झाले. आज व्हाकोआतच शाळेत शिकवते.

तर ती शेवटची भेट. अंथरुणावरून तिनं माझा हात धरला. "त्या दिशी दांडा सुटा हाय, ते मी बघितलेलं. तू घालशील म्हणून गप ऱ्हायले... सांगायला पायजे होतं. ती चूक माजी."

मी हात सोडवून घेतला. इतकी वर्षं ते ओझं मी एकटीनं वाहिलं होतं. पण मरतानाही तिनं नशिबाचं नाव घेतलं नाही, हेही मला विसरता येत नाही.

भावानं आता तिथं काचा बसवल्यात, म्हणून दांडा मी व्हाकोआला आणला. परवा पुन्हा इशारा झाला. नऊ वर्षांच्या लेकीला खिडकी नेमून दिली. झडप ओढून ती पळाली. दांडा कोपऱ्यातच उभा. मी क्षणभर थांबले, आणि हाक मारली.

"दांडा राहिला."

"वी, मामाँ." हो आई, म्हणत ती परत आली, दोन्ही हातांनी तिनं तो घातला आणि गेली. मी तो हलवून पाहिला नाही.